शाई संपलीय

विमलाबाई भागवतांच्या टेबलावरून दुरुस्त होऊन गेलेल्या प्रत्येक पेनाबरोबर एक चिठ्ठी जात असे. चिठ्ठीत तीन ओळी: काय बिघडलं होतं, का बिघडलं होतं, काय केलं. खाली सही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, चिठ्ठीत गोड बोलणं नाही. एका निवृत्त प्राचार्यांना 'पेन चघळण्याची सवय' असं लेखी मिळालं होतं. ते पुन्हा कधी बाईंच्या कर्वेनगरच्या घराकडे फिरकले नाहीत.

या चिठ्ठ्यांमागे बाईंचा एक जुना राग होता. त्यांच्या यजमानांचं शहरात पेनांचं दुकान होतं. लोक म्हणत, भागवतांच्या हातात जादू आहे. भागवतांच्या हातात प्रत्यक्षात एक कापडी पिशवी असायची. दिवसभराची बिघडलेली पेनं ते त्या पिशवीतून घरी आणत आणि विमलाबाई स्वयंपाक आवरून ती नीट करत. असं चाळीस वर्षं चाललं. दुकानाची पाटी, वर्तमानपत्रातला लेख, भागवत गेल्यावरची शोकसभा, कुठेही बाईंचं नाव आलं नाही. भागवत माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त सांगायला कधी सवड झाली नाही. ते गेल्यावर दुकान विकलं, बाईंनी हत्यारं गॅलरीतल्या टेबलावर मांडली आणि चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. ज्याने काम केलं त्याचं नाव कागदावर यावं, एवढं एकच तत्त्व त्यांनी धरलं होतं. बाकी तत्त्वांचा त्यांना कंटाळा होता.

मंगळवारी वारज्याहून रावसाहेब शेडगे आले. साठी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. घरची पूर्वी शेती होती, आता तिथे त्यांनीच बांधलेल्या इमारती आहेत. चपला न सांगता दाराबाहेर काढल्या म्हणून बाईंनी त्यांना मनातल्या मनात एक गुण दिला. रावसाहेबांनी रुमालाची घडी उलगडली. आत काळं, जाडसर, जुन्या घडणीचं पेन होतं, बाजूला छोटी पट्टी असलेलं. ही पट्टी उचलली की आतली रबरी नळी दाबली जाते, सोडली की नळी फुगते आणि शाई ओढते. या पेनाची पट्टी जेमतेम हलत होती आणि निबेवर लाल-पिवळं पुट चढलेलं होतं.

"काकू, रविवारपर्यंत व्हायलाच पाहिजे," रावसाहेब म्हणाले. "आमच्या नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका काढतोय. एमपीएससीची पोरं बसतील. तात्यांचं नाव देतोय, म्हणजे माझ्या वडिलांचं. उद्घाटन आईच्या हातून. आई त्र्याऐंशीची आहे, आतापर्यंत अंगठाच उठवायची. सहा महिने झाले, नातीकडून शिकून सही गिरवतेय. का, तर अभ्यासिकेच्या वहीत पहिल्या पानावर तात्यांच्या पेनाने सही करायची. आणि हे पेन शाईच घेईना."

"तुम्ही जोर लावलात?"

"थोडा लावला."

"कडकन वाजलं?"

रावसाहेबांनी मान खाली घातली. शाळेत काच फोडलेला मुलगा असाच उभा राहतो, असं बाईंना वाटलं.

मग त्यांनी तात्यांची हकिगत सांगितली. गेनबा मारुती शेडगे. गावात कुणाला दोन अक्षरं लिहिता येत नव्हती तेव्हा गेनबांच्या खिशाला पेन असायचं. कुणाचा पोरगा पलटणीत, कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत. सगळ्यांची पत्रं गेनबांनी लिहिली. "इतकं लिहायचे की पेनात शाई टिकायची नाही," रावसाहेब अभिमानाने म्हणाले. "कुणी पत्राला आलं की तात्या पेन झटकायचे, म्हणायचे, शाई संपलीय. मग निरोप नीट ऐकून घ्यायचे आणि रानात निवांत बसून लिहायचे. मी प्रत्येक भाषणात सांगतो हे."

"बरं."

"आणि काकू, तुमची ती चिठ्ठी असते ना, ती फ्रेम करून पेनाशेजारी लावायची आहे. त्यात तेवढं एक टाका, की पेन भरपूर वापरलेलं आहे. जाणकार माणसाने लिहिलेलं बरं दिसतं."

"पेन काय सांगतं ते मी लिहीन," विमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही काय सांगता ते लिहायला छापखाने आहेत."

रावसाहेबांनी याचा अर्थ होकार असा घेतला आणि ते गेले.

बुधवारी बाईंनी पेन साध्या पाण्यात घातलं. गरम पाणी नाही. जुन्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, काळा रंग त्याने शेवाळी पडतो. तासाभरात वाटीत हळदीकुंकवाचं पाणी झालं. खंडेनवमीला वारज्याच्या त्या घरात विळे-कोयते, पुढे ट्रॅक्टर आणि त्यांच्या शेजारी हे पेन पुजलं जात असणार. वर्षाला एक बोट हळद, एक बोट कुंकू, वर तेलाचा हात, आणि निबेला लावल्याशिवाय पूजा पुरी कशी होणार? साठ वर्षांच्या भक्तीने निबेखालची वाट पार बुजवून टाकली होती. बाईंनी ती सुईने कणाकणाने मोकळी केली. देवधर्मावर त्यांचा राग नव्हता, पण देवाला पेन कसं वापरतात ते कळत असेल याची त्यांना खात्री नव्हती.

मग पेनाचा गळा किंचित ऊब देऊन सोडवला. आतली नळी वाळून कडक झाली होती आणि रावसाहेबांच्या 'थोड्या' जोराने तिचे तीन तुकडे झाले होते. बाईंनी तुकडे पांढऱ्या कागदावर ठेवले, भिंग डोळ्याला लावलं, आणि एकेक तुकडा आतून दोनदा पाहिला.

शाईचा डाग लपत नाही. एकदा जरी शाई भरली, तरी नळीच्या आतल्या अंगाला निळसर झाक राहते. शंभर वेळा धुवा, जात नाही. ही नळी आतून कोरी होती. आतल्या बारीक खाचांतही शाई पोचलेली नव्हती. निबेच्या टोकाला तेवढी निळाई होती आणि ती या आठवड्यातली, रावसाहेबांच्या दौतीतली. कारखान्यातून निघाल्यापासून या पेनाने शाई चाखलेली नव्हती.

आधी बाईंना गंमत वाटली. पुणेरी माणसाला दुसऱ्याचं पितळ उघडं पडलेलं आवडतं, आणि त्यात बाई अपवाद नव्हत्या. पण मग त्यांना राग आला. पत्रं जर गावाबाहेर गेली, तर ती कुणीतरी लिहिली होती. गेनबांनी नाही, तर दुसऱ्या कुणीतरी. त्या माणसाचं नाव कुठेच नाही, आणि इकडे पाटी गेनबांची. या गोष्टीतली कापडी पिशवी त्यांना चांगली ओळखीची होती.

त्यांनी नवी नळी कापली, चपडीच्या लाखेने बसवली, चिकटू नये म्हणून वर शंखजिऱ्याची पूड लावली आणि पेन बंद केलं. मग चिठ्ठी लिहिली. तिसऱ्या ओळीनंतर एक चौथी ओळ लिहिली, जी त्या कधी लिहीत नसत. आणि रावसाहेबांना फोन केला. "पेन झालं. शनिवारी सकाळी आईंना घेऊन या. ज्याच्या हातात पेन जाणार, त्याने माझ्यासमोर लिहून बघायचं असतं."

शनिवारी रावसाहेबांनी आईला, आनंदीबाईंना, वर आणून खुर्चीत बसवलं आणि ते गाडी लावायला गेले. कर्वेनगरात गाडी लावणं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. आनंदीबाई नऊवारी नेसलेल्या, हाडाने बारीक, नजरेने तल्लख. त्यांनी टेबलावरच्या हत्यारांकडे एकवार पाहिलं.

"हे समदं तुमीच करता?"

"मीच करते."

"ब्येस हाय."

विमलाबाईंनी दौत पुढे केली आणि पट्टी कशी उचलायची ते दाखवलं. आनंदीबाईंनी निब शाईत बुडवली, पट्टी उचलली, सोडली. तान्हं मूल पहिला घोट घेतं तसा बारीक आवाज आला. त्यांनी पेन वर काढलं, कागदावर धरलं आणि पाच मिनिटं घेऊन, ओठ मिटून 'आनंदी' लिहिलं. अनुस्वारही जागच्या जागी पडला. मग त्या अक्षरांकडे बघत म्हणाल्या, "पयल्यांदाच प्यालं बघा ते."

विमलाबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला न्हाई तर कुनाला? शाई भरली असती तर लोक म्हनले असते, गेनबा, हितंच लिव्ह. म्हनून पेन कोरडंच ठेवायचं. यांना सही तेवढी यायची. ती बी चित्र काढल्यावानी काढायचे."

"मग पत्रं कोण लिहायचं?"

"हिंगन्याचं परांजपे मास्तर. हे निरोप ऐकायचे आनि सायकलवर हिंगन्याला जायचे. एका येळंला धा-धा जनांचे निरोप. कुनाची म्हस गाभन, कुनाची सून नांदत न्हाई, कुनाचा बाप आथरुनाला टेकलाय. समदं तोंडपाठ. मास्तरांम्होरं बसून सांगायचे, मास्तर लिवायचे. आलेली पत्रं बी तिकडंच न्यायची, ऐकायची आनि घरोघरी जाऊन सांगायची. एका शबुदाचा फरक पडायचा न्हाई."

"आणि नाव त्यांचं झालं," विमलाबाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या मनापेक्षा कडक निघाला. "मास्तरांचं काय?"

"मास्तरांनाच इचारलं व्हतं ह्यांनी. म्हनले, लोकांना सांगू का? मास्तर म्हनले, सांगितलंस तर लोक तुझ्याकडं यायचे थांबतील, आनि माझ्याकडं येनार न्हाईत, लाजतील. ऱ्हाऊ दे." आनंदीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "शाई संपलीय म्हनायचे, त्यो खोटेपना व्हता. तेवढा एकच. रात्री कंदी कंदी मला म्हनायचे, ह्यो एकच निस्तरायचा राहिला."

विमलाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. कुणी विचारून काम लपवलं, अशी गोष्ट त्यांनी आजवर ऐकली नव्हती. भागवतांनी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित त्याही 'राहू दे' म्हणाल्या असत्या, आणि मग त्या चाळीस वर्षांचं इतकं वाईट वाटलं नसतं. त्यांना एकदम भागवतांची आठवण आली आणि गेनबांचा हेवाही वाटला.

"चिठ्ठीत काय लिवलंय?" आनंदीबाईंनी विचारलं.

बाईंनी वाचून दाखवलं. हळदीकुंकू, तडकलेली नळी, नवी नळी. मग चौथी ओळ: 'या पेनात आजवर शाई भरलेली नव्हती.' वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमचे चिरंजीव ही फ्रेम करून लावणार आहेत. तुम्ही म्हणत असाल तर ही ओळ..."  चिठ्ठ्या लिहायला लागल्यापासून अकरा वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाला अर्धंसुद्धा म्हटलं नव्हतं.

"त्याला वाचू द्या," आनंदीबाई म्हणाल्या. पण त्यांचा हात पेनावर घट्ट मिटला होता.

रावसाहेब घाम पुसत वर आले. आईने लिहिलेलं नाव पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मग चिठ्ठी घेतली. चौथ्या ओळीशी थांबले, पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"काकू, हे कसं शक्य आहे?"

"मी सांगते," आनंदीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलं. मास्तर, सायकल, सगळं. एकदाही आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

रावसाहेब गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी गावभर सांगत फिरलो. पाटीवर 'पत्रलेखक' कोरायला दिलंय. उद्या चारशे माणसं येतील. लिहिता न येणाऱ्याचं नाव मी अभ्यासिकेला देतोय म्हणजे."

"मंग कुनाचं देनार?" आई म्हणाली. "ज्याला येत व्हतं, त्याला त्याची काय किंमत? आनि ऐक. तुझ्या बापाला लिवता येत असतं तर त्यानं लिवून टाकलं असतं आनि इसरला असता. येत न्हवतं म्हनून गावाचं समदं दुखनं तो डोक्यात घेऊन हिंडला."

रावसाहेब कठड्यापासून वळले. मग रुमालाने चेहरा पुसला, पाटी करणाऱ्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन आईच्या तोंडाशी धरला.

"आई, काय कोरायचं ते सांग."

आनंदीबाई क्षणभर बावरल्या. मग ताठ बसून एकेक शब्द सांगू लागल्या. "गेनबा मारुती शेडगे. यांना लिवता येत न्हवतं. गावाची पत्रं यांनी तोंडपाठ नेली. लिवली परांजपे मास्तरांनी."

परांजप्यांचं नाव आल्यावर विमलाबाईंनी नकळत मान हलवली. पलीकडे पाटीवाला गोंधळला होता. "साहेब, दगडात कोरायचंय, नंतर खोडता येणार नाही. ते लिहिता येत नव्हतं, ते पण टाकायचं?"

"ते तर सगळ्यात वर टाक," रावसाहेब म्हणाले.