क्लेमची लाल वायर

गाडीची बॅटरी उतरली की लोक नवी आणतात. तीही उतरली की दुकानदाराला शिव्या घालतात. वीज कुठे मुरते ते शोधायचा धीर कुणाकडे नाही, म्हणून माझं पोट भरतं.

नोएलीनने चार महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. पोर्ट ऑगस्टापासून दीडशे किलोमीटर आत, मेंढ्यांच्या रानात एकटी राहणारी म्हातारी. नवरा क्लेम ऑक्टोबरात गेला. दर गुरुवारी ती सामान आणायला निघायची, तर पिकअप मेलेली.

"जनीन म्हणते, मी दिवे चालू ठेवते आणि विसरते," ती म्हणाली. जनीन तिची मुलगी, ॲडलेडला असते. "महिनाअखेरीला मला तिकडच्या वृद्धाश्रमात नेऊन टाकणार आहे. खरं सांग ग्रेग, मी विसरते का रे?"

"आधी गाडीला विचारू," मी म्हटलं.

बॅटरीची ऋण तार सोडून मध्ये मीटर जोडला, दारं लावली आणि चहा प्यायलो. बंद उभ्या गाडीने पन्नास मिलिअँपियर वीज खाल्ली तर चालतं. ही तीनशे ऐंशी खात होती. वीज खाणाऱ्याचा फ्यूज निघाला की आकडा पडतो, म्हणून एकेक फ्यूज काढत गेलो, पण आकडा ढिम्म हलेना.

"दिवे नाहीत, नोएलीन. दिव्यांचा फ्यूज हा बघा, माझ्या हातात आहे."

ती पायरीवर बसली. "हे जनीनला सांगशील?"

"चोर तर सापडू दे."

बॅटरीवरची धूळ पुसली, तर धन टोकावरून फ्यूज टाळून थेट निघालेली एक लाल वायर दिसली. हे आधीच बघायला हवं होतं, माझाच गाढवपणा. वायर सीटखालच्या, शेजाऱ्यांशी बोलायच्या रेडिओत जात होती. इकडे सगळेच अशी जोडतात, किल्ली काढली तरी शेजाऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून. रेडिओचा दिवा डोळ्यांत जातो म्हणून क्लेमने त्यावर काळी पट्टी चिकटवली होती.

"तो मी बंद केलाय," नोएलीन म्हणाली. "दफनाच्या दिवशीच. त्यावर कुणी क्लेमचं नाव घेतलं असतं तर मला सोसलं नसतं."

तिने फक्त आवाज अगदी बारीक केला होता. बटण टक् होईपर्यंत फिरवलंच नव्हतं. क्लेम रोज कुंपणं बघायला गाडी काढायचा, तेव्हा बॅटरी भरून यायची. नोएलीन काढायची आठवड्यातून एकदा.

सहा वाजत आले होते, ऊन अजून कडक होतं. खात्रीसाठी मी बटण उलटं फिरवलं. खरखर झाली आणि डॅरिलचा आवाज आला. चाळीस किलोमीटरवरचा हा शेजारी रोज सहाला सगळ्यांची हजेरी घेतो.

"नोएलीन, आहेस का गं?" नुसती खरखर. "बरं. उद्या परत विचारतो."

मध्येच एक बाई म्हणाली, "चार महिने झाले, डॅरिल. तिला नसेल बोलायचं."

"नसू दे. विचारायला माझं काय जातंय?"

मी बटण बंद करायला हात पुढे केला.

"हात काढ," नोएलीन म्हणाली. तिने माईक उचलला आणि दोनदा घसा साफ केला. "आहे रे, डॅरिल. आहे मी."

रेडिओवर चार-पाच जण एकदमच बोलायला लागले. मी उगाच फ्यूज लावत बसलो.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "वायर किल्लीवर घेऊ का? किल्ली काढली की रेडिओ बंद होईल, बॅटरी टिकेल."

"काही नको," ती म्हणाली. "मी रोज काढीन गाडी. तू जनीनला तेवढं सांग, दिवे नव्हते म्हणून."