बरगड्या शिजेपर्यंत

सयाजी आटपाडीला मोटारीतून उतरला तेव्हा त्याच्या पडशीत गवतात गुंडाळलेल्या काळ्या बिअरच्या दोन बाटल्या होत्या. पलटणीच्या बेळगावच्या डेपोत नाव कमी केलं, त्या दिवशी कॅन्टीनवाल्या सुभेदारानं त्या त्याच्या हातात ठेवल्या होत्या. शेहेचाळीस सालचा माघ सरत आला होता. पाच वर्षं तो मराठा पलटणीत लंगरी होता, शेकडो माणसांचं रांधणारा. पण इटलीहून शिराळ्याकडच्या आपल्या गावी आल्यापासून त्यानं एकदाही चुलीला हात लावला नव्हता.

राहीबाईची वस्ती गावाबाहेर माळावर होती. ती कृष्णाताची आई. कृष्णात सयाजीचा पलटणीतला जिवलग, आणि तो परत आला नव्हता. तार येऊन सव्वा वर्ष झालं होतं. राहीबाईचा दीर अर्जुना मेंढरांच्या वाड्यापाशी भेटला. तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी चतकोर भाकरी पाण्यात कुस्करून खाती. चवच गेली म्हणती तोंडाची. तुमी सांगून बगा."

राहीबाई ओसरीवर लोकर पिंजत बसली होती. सयाजी पाया पडला, नाव सांगितलं. तिनं त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"तूच व्हय त्यो रांधणारा? कागदात लिवायचा तुजं. बस."

"मावशी, आज मी रांधतो. किस्नाला लय आवडायचं त्ये."

ती पिंजत राहिली.

अर्जुनानं बोकड पाडला. बाकीचं मटण भावकीत गेलं, बरगड्या सयाजीनं ठेवून घेतल्या. अंगणात तीन दगड मांडून त्यानं चूल केली. बरगड्या चरबीत तांबूस परतल्या. त्याच पातेल्यात कांदा इतका सावकाश भाजला की तो विरघळून गुळासारखा झाला. मग लसूण, घरचं तिखट, मीठ, गुळाचा खडा. बाटलीचं बूच उघडताच काळा फेस वर आला आणि राहीबाईनं मान उचलली.

"दारू हाय का रं ती?"

"दारूच हाय, मावशी. पर शिजताना नशा उडून जाती. नुसता करपट गोडवा ऱ्हातो."

"मग वत."

दोन्ही बाटल्या ओतून, झाकणाच्या कडेला कणीक लिंपून त्यानं जाळ ओढून घेतला. खाली नुसती गोवऱ्यांची धग राहिली. आता चार तास कुणीच काही करायचं नव्हतं.

दुपार माळावर पसरली. मेंढरं लांब, ढगांच्या सावल्यांसारखी सरकत होती. पातेल्यात आत कुठंतरी खोल बुडबुडा फुटायचा, मग पुन्हा शांत. कणकेच्या फटीतून वास येऊ लागला आणि सयाजीला वाटलं, समोरचा माळ पांढरा होतोय. बर्फ पडतंय. इटलीतल्या पडक्या दगडी घराच्या आडोशाला शेजारच्या गोऱ्या पलटणीचा म्हातारा आचारी बैलाच्या बरगड्या अशाच काळ्या बिअरमध्ये शिजत घालून पाइप ओढत बसलाय. भाषा कळत नव्हती, पण हात कळत होता. आपल्या पोरांना ते मांस चालणारं नव्हतं. सयाजीनं ती रीत तेवढी उचलली आणि बोकडाच्या बरगड्यांवर उतरवली. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा कृष्णात हाडं चोखत म्हणाला होता, "गड्या, आईला करून घाल एकदा."

हे तो मनात म्हणत होता की मोठ्यानं, त्याचं त्यालाच कळेना. राहीबाईनं पिंजणं थांबवलं होतं.

"समदी येत्यात," ती म्हणाली, "किस्ना कसा लढला त्ये सांगत्यात. जेवला का, त्ये कुणी सांगत न्हाई."

सयाजीनं धगीकडं पाहिलं. हेच तो सव्वा वर्षं वाहत होता.

"जेवला न्हाई, मावशी. त्या दिशी मी हेच रांधलं व्हतं. भूक लागली म्हणून त्यो दोनदा चुलीपाशी आला. मी म्हणलो, दम धर, अजून घटकाभर. मटण हाडाला धरून हाय. तेवढ्यात हुकूम आला, नदीपल्याड जायचा. तसाच उपाशी गेला. कच्चं का असंना, मी वाढाय पायजे हुतं."

ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं. सयाजीला मान वर करवेना.

"बारका असताना," राहीबाई म्हणाली, "भाकर तव्यावर असायची आन ह्यो उठून मेंढरामागं पळायचा. मी वराडत ऱ्हायची. रोजचंच. त्यो काय तुज्यामुळं उपाशी गेला न्हाई. त्यो तसाच हुता." तिनं पदरानं नाक पुसलं. "चुलीपाशी आल्यावर काय म्हणला त्यो?"

"म्हणला, वास लय भारी सुटलाय."

"आसं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "म्हणंल त्यो. त्याला घासाआदी वास."

दिवस कलताना सयाजीनं कणीक फोडली. वाफ वर गेली आणि अर्जुनासुद्धा वाड्याकडून चालत आला. रस्सा काळाभोर, दाट झाला होता. बरगडी पळीनं उचलली तर हाड हातात आलं आणि मांस पातेल्यातच राहिलं.

राहीबाईनं ॲल्युमिनियमची ताटली पुढं ओढली. पहिला घास तिनं तोंडात नुसता धरून ठेवला. सयाजी डोळे न हलवता बघत होता. मग ती चावू लागली, सावकाश, आठवून आठवून चावल्यासारखी.

"वाईच गोड झालंय," ती म्हणाली.

"गूळ जास्त पडला व्हय?"

"असू दे." तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, रश्शात बुडवला. "आर्जुना, तू का हुबा? बस. आन सयाजी, तूबी वाढून घे. तुजं त्वांड बी उपाशीच दिसतंय."

सयाजीनं स्वतःला वाढून घेतलं. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा जवळ येत होत्या. तिघं जेवत राहिली, आणि राहीबाईनं दुसरी भाकरी मागितली.