वीस मार्चचा फळा

ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचा फळा मी रोज सकाळी वाचते. काय लिहिले आहे ते कळावे म्हणून वाचते आणि काय वगळले आहे तेही कळावे म्हणून वाचते. वर 'आजचा दिनविशेष' ही अक्षरे रंगाने कायमची काढलेली आहेत. खालचा मजकूर वृषाली खडूने भरते. ती कार्यालयात संगणकाचे काम पाहते. तिचे अक्षर वळणदार आहे, हे मी तिला तोंडावर सांगितलेले आहे.

यंदाच्या वीस मार्चला फळ्यावर तीन ओळी होत्या. सोळाशे दोन साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. सतराशे एकोणचाळीस साली नादिरशहा दिल्लीत शिरला. तिसरी ओळ कडेच्या उंच चित्रासह होती: जागतिक चिमणी दिन.

"वृषाली, महाड कुठे आहे?"

"रायगड जिल्ह्यात ना, आजी?"

"मी भूगोल विचारला नाही. फळ्यावर कुठे आहे?"

ती ओशाळली. "मोबाईलवर आलं तेवढं उतरवलं. जागा पण उरत न्हाई."

"चिमणीला बरी उरली."

तिने मुकाट्याने खडू घेतला आणि नादिरशहाच्या खाली लिहिले: १९२७, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. मी म्हणाले, "आता आणखी एक ओळ. १९६३. आपल्या गावच्या थोरल्या विहिरीवर बौद्ध वस्तीतील स्त्रियांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतले."

खडू थांबला. "हे मी सरपंचांना विचारल्याबिगार न्हाई लिहायची."

"विचार. मी बसले आहे."

ती कार्यालयात गेली. मी ओट्यावर बैठक मारली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी, भागुजींनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परंतु विहीर होती तिथेच होती. आम्ही हंडे कट्ट्याखाली मांडून उभ्या राहायचो. वरच्या बायकांना सवड झाली की त्या उंचावरून पोहरा ओतायच्या. याला गावात 'पाणी घालणे' म्हणत. झाडाला घालतात तसे. मी लोणीहून नवी नवरी म्हणून आले, तेव्हा हा शब्द ऐकून माझे डोके फिरले. सासऱ्यांनी ते ओळखले. म्हणाले, "वीस मार्च येऊ दे. महाडचा दिस हाय. त्या दिशी कट्ट्यावर चढा." तेव्हा आमच्या विहिरीची आणि महाडच्या तळ्याची तारीख एक आहे, ती योगायोगाने नव्हे. ती आम्ही एक केली.

सरपंच सुदर्शन मोटारसायकलवरून आला. मुलगा सभ्य आहे. मला पाहताच गाडी बंद केली.

"आजी, महाडचं लिहिलं ना? ते पुस्तकातलं हाय, कुणाची हरकत नाय. गावचं कशाला उकरता? जत्रा तोंडावर आलीय."

"जत्रेला येणाऱ्या पाहुण्यांनाही वाचता येते."

"बरं, मग असं लिहू." तो वृषालीकडे वळला. "लिही: गावानं थोरली विहीर सर्वांसाठी खुली केली. झालं! गावाचं पण नाव राहिलं, आजींचा दिवस पण आला."

वृषालीने खडू टेकवला. मी काठी आडवी धरली.

"गावाने काहीही केले नाही. गाव बघत उभे होते."

"पण आजी, दिलंच ना पाणी? आमच्या घरात सगळे सांगत्यात, आमच्या आजीनं सोता पोहरा पुढं केला. लई मोठं मन तिचं."

"कुशाबाईचे?"

"व्हय. आणू का तिला? तीच सांगंल."

"आण," मी म्हणाले.

मी म्हणाले खरे, पण त्यातला धोका मला ठाऊक होता. त्या दिवशीच्या आमच्या बायकांपैकी आज माझ्याशिवाय कोणी उरलेली नाही. कुशाबाईने मान डोलावली असती, तर ती ओळ तशीच चढली असती. दर वर्षी मुलांनी वाचले असते की आम्हाला पाणी दिले गेले.

सुदर्शन आजीचा हात धरून तिला घेऊन आला. तिची नजर मंदावली आहे, आवाज नाही.

"कोण, फुला का? अजून हायेस व्हय?"

"तुझ्याआधी जाणार नाही."

सुदर्शनने तिला सारे समजावले. "आजे, सांग यांना. पोहरा तू दिला व्हतास ना?"

कुशाबाईने मान वर केली. "कुणी दिला?"

"तू. सगळे सांगत्यात..."

"मी दिला? मी?" ती कडाडली. "आरं, मी काय मेली व्हते का? सासू मागं उभी, आख्खा गाव बघतोय, आन् मी देईन? हिनं कट्ट्यावर चढून माझ्या हातातला दोर हिसकला! मनगट सुजलं व्हतं माझं. म्हनं दिला!"

सुदर्शन जमिनीकडे पाहू लागला. वृषालीने तोंडाला ओढणी लावली.

"दोर सोडायचा होतास," मी म्हणाले.

"सोडंन कशी? माझा व्हता."

"दोर तुझा होता. पाणी नव्हते."

ती नातवाकडे वळून म्हणाली, "लिव्ह. हिसकलं म्हून लिव्ह."

"हिसकलं नाही," मी बजावले. "आपले होते ते घेतले. शब्द 'घेतले' हाच राहील. वृषाली, खडू."

फळ्यावर जागा नव्हती. चिमणीला मी हात लावला नाही. तिलाही तहान असते. डच कंपनीची ओळ मी पदराने पुसली.

"आजी, ती पण इतिहासात हाय!" वृषाली म्हणाली.

"असू दे. ती आपल्या विहिरीवर आली नव्हती."

वय झाले तरी माझे अक्षर सरळ येते. शेवटचा शब्द लिहून मी मागे सरले. कुशाबाईने काठीने फळा ठोकला.

"वाच काय लिव्हलंस."

मी खड्या आवाजात वाचले. समोरच्या थांब्यावर घोडेगावच्या गाडीची वाट पाहणारी माणसे वळून बघू लागली.

"आन् माझं नाव कुठाय?" कुशाबाई म्हणाली. "दोर काय वाऱ्याच्या हातात व्हता?"

सुदर्शन घाईघाईने म्हणाला, "आजे, कशाला उगीच आपलं नाव..."

"तू गप."

मी पुन्हा खडू उचलला. 'कुशाबाईंच्या हातातला दोर घेऊन' एवढे लिहिताना ओळ चिमणीच्या शेपटीवर चढली, आणि मी ती तशीच राहू दिली.