मागचा दिवा

"काळीला हात लावू नकोस. काळी वायर म्हणजे अर्थिंग. ती तिथंच गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. तिच्याशी आपलं भांडण नाही."

मिस्त्री अंगणात स्टुलावर बसून सांगत होता आणि त्याची बायको गाडीच्या मागच्या बंपरखाली डोकं घालून ऐकत होती. तिच्या एका हातात पक्कड होती, दुसऱ्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. हा बल्ब मिस्त्रीने आयुष्यभर वापरला होता. आता तो लागला की नाही, हे तिला सांगावं लागत होतं.

मिस्त्रीचे डोळे एकदम गेले नाहीत. आधी बारीक अक्षरं गेली, मग वायरींचे रंग, मग माणसांचे चेहरे. तपकिरी कुठली आणि लाल कुठली हे ज्या दिवशी कळेनासं झालं, त्या दिवशी त्याने आपलं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान बंद केलं. कुणी तक्रार करायच्या आतच बंद केलं, याचं त्याला समाधान होतं. त्यानंतर तो घरी बसून पंख्याची कुरकुर ऐकायचा आणि पंख्याला तेल कधी द्यायचं ते बायकोला सांगायचा. पंख्याला दोनदा तेल दिल्यावर तिने ठरवलं, हे काही खरं नाही.

ती लाँड्रीची गाडी चालवायची. धुतलेल्या चादरी आणि टॉवेल यांचे गठ्ठे दवाखान्यांत आणि हॉटेलांत पोचवायचे, मळके घेऊन यायचे. गाडी स्वतःची, वायरिंग नवऱ्याच्या हातचं. तिने मिस्त्रीला शेजारच्या सीटवर बसवायला सुरुवात केली. नुसतं बसवलं तर त्याला ओझं झाल्यासारखं वाटेल, म्हणून हातात एक टॉर्च दिली. शेवटचं हॉटेल एका अरुंद बोळात होतं. तिथं गाडी मागे घेत न्यावी लागे. मागे पांढरी भिंत, भिंतीत स्वयंपाकघराचं दार आणि दाराकडे खाली उतरणाऱ्या पायऱ्या. तिथं पोचेपर्यंत अंधार पडलेला असे. मिस्त्री वरच्या पायरीशी उभा राहून पायऱ्यांवर टॉर्च धरायचा, ती गठ्ठे उतरवायची.

सुरुवातीला उजेड पायऱ्यांवरच पडायचा, कारण पायऱ्या कुठे आहेत ते त्याने पूर्वी पाहिलेलं होतं. मग तो हळूहळू सरकत भिंतीवर गेला, भिंतीवरून पाइपावर. अलीकडे तर बराच वेळ तो कुंपणावरच्या मांजरावर असायचा. मांजर डोळे मिटून घ्यायचं, पण जागा सोडायचं नाही. बायको अंधारात पायाच्या बोटांनी पायरी चाचपत उतरायची आणि त्याला काही बोलायची नाही. गेल्या आठवड्यात ती घसरली. गुडघा सोलवटला. मिस्त्रीला तिने सांगितलं की हातातून गठ्ठा निसटला.

दुसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, गाडीच्या मागच्या पांढऱ्या दिव्यांना वेगळं बटण लावून घेऊ. गिअर मागे टाकला की ते लागतात, तसे गाडी उभी असतानाही आपल्याला हवे तेव्हा लावता येतील. बोळात लख्ख उजेड पडेल.

कल्पना चांगली होती, आणि म्हणूनच ती तिला नको होती. मिस्त्रीची मोठी बहीण महिनाभर मागे लागली होती की त्याला माझ्याकडे पाठवून दे, व्हरांड्यात आरामात बसेल, कशाला त्याला बोळाबोळांतून फिरवतेस. बहिणीच्या बोलण्यात माया होती, म्हणून तिला उलट उत्तरही देता येत नव्हतं. मिस्त्रीने एवढंच म्हटलं होतं, "बघू." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला त्याच्या 'बघू'चे प्रकार माहीत होते. हा 'बघू' होकाराकडे झुकलेला होता. बटण आलं की टॉर्च जाणार. टॉर्च गेली की त्याला गाडीत चढायला कारण उरणार नाही. पुढचं चित्र तिला दिसत होतं: व्हरांड्यात खुर्ची, शाल आणि तिच्या शेजारची सीट रिकामी.

तरीही तिने सामान आणलं. बटण, फ्यूज, पिवळी वायर, डॅशबोर्डवर लावायचा लाल ठिपक्याएवढा दिवा. सोलवटलेला गुडघा अजून ठणकत होता.

"आता नीट ऐक," मिस्त्री म्हणाला. त्याला शिकवायला आवडायचं आणि तो कधी घाई करायचा नाही. "गिअरबॉक्सवर एक छोटं बटण असतं. गिअर मागे टाकला की ते दाबलं जातं. मग करंट तिथून निघतो आणि मागं दिव्याकडे येतो. आपण त्या दिव्याला दुसरी वाट काढून देतोय. घर तेच, दार दुसरं. आपली पिवळी वायर बॅटरीकडून फ्यूजमधून येईल, बटणातून जाईल आणि दिव्याच्या वायरीला मिळेल. कळलं?"

कळलं, ती म्हणाली.

"दिव्याकडे जाणारी तपकिरी वायर बघ. एकटीच आहे ना?"

तिने पाहिलं. तपकिरी होती. पण वीतभर वर तिला एक निळी वायर चिकटपट्टीने जोडलेली होती आणि ती भलतीकडेच गेलेली होती. तिला वाटलं, वायरिंग यांनीच केलंय, यांना माहीत असणारच. ज्याच्या हातचं काम, त्याला काय शिकवायचं.

"हो," ती म्हणाली.

मिस्त्री सांगत गेला, ती करत गेली. वायर सोलायला तिला वेळ लागे. सोललेली टोकं ती पिळून त्याच्या हातात द्यायची, तो चिमटीत धरून हलकेच ओढून पाहायचा. पहिला सांधा त्याने परत दिला. हा सांधा की राखी, म्हणाला, हात लावला तर सुटतोय. दुसरा त्याला पटला.

सगळं झाल्यावर ती पुढे जाऊन सीटवर बसली आणि तिने नवं बटण दाबलं.

डॅशबोर्डवर लाल ठिपका उजळला. मागच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला. आणि त्याच क्षणी, जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीतून मोठ्याने वाजायला लागलं, टिंग-टाँग, टिंग-टाँग. शेजारीण धावत बाहेर आली आणि तिने आपली सायकल ओढून बाजूला घेतली. मग गाडी हलत नाही हे पाहून ती जरा ओशाळली आणि तुमची गाडी उभ्या उभ्याच मागे येते का, असं विचारून आत गेली.

बायकोने बटण बंद केलं.

मिस्त्री हसत होता. मग हसू ओसरलं. "मागे येतानाचा भोंगा," तो म्हणाला. "तो मी नाही बसवला."

नव्हताच बसवला. त्याचे डोळे गेल्यावर तिनेच दुसऱ्या कारागिराकडून बसवून घेतला होता. गाडी मागे येते आहे हे मिस्त्रीला ऐकू यावं, त्याने बाजूला व्हावं, म्हणून. भोंगा तो रोज बोळात ऐकत होता, तरी त्याच्या डोक्यात जी गाडी होती, ती त्याने शेवटची पाहिलेली गाडी होती. तिला भोंगा नव्हता आणि निळी वायरही नव्हती. बटण दाबल्यावर करंट दिव्यात गेला तसा तपकिरीवरून उलटा निळीतही शिरला होता.

"दोन वायरी होत्या ना?" त्याने विचारलं.

"होत्या."

"मग एकटी आहे का विचारलं, तेव्हा हो का म्हणालीस?"

ती हातातल्या पक्कडीच्या दांड्यांची उगाच उघडझाप करत राहिली.

"टॉर्चचंही नाही बोललीस," मिस्त्री म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पायऱ्यांवर तुझा पाय आधी घासतो, मग पडतो. उजेडात माणूस असा चालत नाही. मला वाटत होतं, आज सांगेल, उद्या सांगेल. तू पडलीस तरी गठ्ठ्याचं नाव घेतलंस."

"वाईट वाटलं असतं तुम्हाला."

"वाटलं असतं ना. वाटून झालं असतं." तो स्टुलावर थोडा पुढे सरकला. "अगं, आंधळा मी आहे. तू कशाला मुकी होतेस? दिसेल ते सांगत जा. निदान तेवढे तरी डोळे माझे राहू देत."

तिने नाक पुसलं. तिच्या हाताचं ग्रीस नाकाला लागलं, पण ते सांगायला तिथं कुणी नव्हतं.

मग मिस्त्री उठला, भिंतीला हात लावत आत गेला आणि आपल्या जुन्या डब्यातून चाचपून एक जाडसर डायोड घेऊन आला. पावट्याएवढा काळा तुकडा, दोन्ही बाजूंना तारेचे पाय. हा एका बाजूनेच उघडणारा दरवाजा आहे, त्याने सांगितलं. गिअरकडून दिव्याकडे जाऊ देतो, दिव्याकडून मागे फिरू देत नाही. भोंग्याची निळी वायर याच्या अलीकडे ठेवायची, आपली पिवळी पलीकडे. मग बटणाचा करंट दिव्यापाशीच थांबेल आणि भोंगा फक्त गिअर टाकल्यावर वाजेल.

"एका टोकाला पांढरा पट्टा असतो. तो दिव्याच्या बाजूला हवा. बोटांना कळत नाही तो. सांग, कुठं आहे?"

तिने डायोडसकट त्याचा हात उजेडाकडे वळवला. "तुमच्या अंगठ्याकडच्या टोकाला."

"नक्की?"

"नक्की. आणि पट्टा पांढरा नाही, करडा आहे. आणि एक पाय वाकलाय. आणि तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय."

"बास, बास," मिस्त्री म्हणाला. "एकदम एवढं नको."

या वेळी बटण दाबल्यावर नुसता उजेड पडला. गिअर टाकल्यावर उजेडही पडला आणि भोंगाही वाजला. शेजारीण या वेळी बाहेर आली नाही. मिस्त्रीने बजावलं, चालत्या गाडीत हे बटण चुकूनही लावायचं नाही, मागच्याला वाटेल आपण मागे येतोय. लाल ठिपका दिसला की आधी बंद कर, मग गाडी हलव.

संध्याकाळी ती गाडी सुरू करून बसली. शेजारचं दार उघडं होतं. मिस्त्री घराच्या उंबऱ्यात उभा होता आणि त्याच्या पायात चपला नव्हत्या.

"माझं काय काम आहे आता तिथं?" त्याने विचारलं. तक्रार नव्हती, खरंच विचारत होता.

तिने दिवसभर याचं उत्तर शोधलं होतं आणि ते सापडलेलं नव्हतं. शेवटी म्हणाली, वायरिंगचं काम नवं आहे, रस्त्यात काही बिघडलं तर मी काय शेजारणीला हाक मारू? मिस्त्रीने थोडा विचार केला. आजच्यापुरतं येतो, म्हणाला, आणि चपला शोधायला वाकला.

'आजच्यापुरतं' हा शब्द वाटभर दोघांच्या मधे बसून होता.

बोळात शिरताना भोंगा वाजला. गाडी थांबली, भोंगाही थांबला. मिस्त्री उतरून रोजच्या जागी जाऊन उभा राहिला. तिने बटण दाबलं. मागची पांढरी भिंत उजळून निघाली. पायऱ्या, त्यांच्या झिजलेल्या कडा, पाइप, कुंपण, सगळं दिसायला लागलं. मांजर तिथंच होतं. ते उठलं आणि नाराज होऊन निघून गेलं.

हॉटेलचा आचारी हात पुसत दारात आला. आज तर लग्नघर केलंत, तो म्हणाला. मग मिस्त्रीकडे पाहून त्याने विचारलं, "टॉर्च कुठाय हो मिस्त्री?"

"रिटायर झाली."

आचारी हसला, मिस्त्रीही हसला. पण हसून झाल्यावर त्याला हातांचं काय करावं ते सुचेना. त्याने ते आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, मग खिशात घातले. गाडीचं मागचं दार उघडून उभ्या असलेल्या तिने हे सगळं त्या लख्ख उजेडात पाहिलं. दिसेल ते सांगत जा, तो म्हणाला होता.

"सांगू का, मला काय दिसतंय?"

"सांग."

"तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत."

मिस्त्रीने हात खिशातून काढून पुढे केले. "मग दे की."

तिने चादरींचा गठ्ठा कडेला ओढला, त्याच्या खांद्यावर ठेवला आणि सवयीने सांगू लागली, जपून, पुढे पायरी आहे. त्याने तिला मधेच थांबवलं. पायऱ्या मला पाठ आहेत, म्हणाला, शेवटची बुटकी आहे. तू तिथं दर वेळी अडखळतेस, ते इतके दिवस उभ्या उभ्या ऐकलंय. आणि तो उतरला. पाय न घासता, एका लयीत, अंधारात चालणाऱ्या माणसाला उजेडाने काय फरक पडतो, अशा चालीने. डोळस बाईसाठी आंधळा टॉर्च धरत होता आणि ओझंही तीच वाहत होती, हे इतके दिवस दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आचाऱ्याने गठ्ठा उतरवून घेतला. मिस्त्री वर आला आणि त्याने पुन्हा हात पुढे केले.

गठ्ठे नेहमीपेक्षा लवकर संपले. मळके वर आले. तिचा गुडघा दुखला नाही. मिस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता आणि त्याला साबणाचा वास येत होता. बहिणीला उद्या फोन करून टाक, तो म्हणाला, सांग की सध्या त्याला वेळ नाही.

दार लावून ती पुढे जाऊन बसली. डॅशबोर्डवर लाल ठिपका जळत होता. आधी बंद करायचं, मग गाडी हलवायची. तिने बटणावर बोट ठेवलं आणि आरशात पाहिलं.

मिस्त्री अजून मागेच होता. तो वाकून बंपरच्या वर काहीतरी चाचपत होता. त्याला दिव्याची काच सापडली. त्याने तिच्यावर पूर्ण तळवा टेकवला आणि तो तसाच उभा राहिला. इतका वेळ जळून काच चांगली तापली असणार. त्याच्या बोटांच्या फटींतून उजेड बाहेर पडत होता आणि बोटांच्या कडा तांबूस दिसत होत्या.

आचाऱ्याने आतून दार लावून घेतलं. तिने बटणावरचं बोट उचललं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती थांबली.