गैरहजेरीचं कारण

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. मुलं घरी गेली की मी तासभर कागदपत्रांसाठी थांबते. त्या दिवशी भागूबाई खिचडीचं पातेलं घासत होती. तिथूनच ओरडली, "बाय, कोन दाताचा डाक्टर आलाय. खोका घेऊन आलाय मोठा."

"कशाचा खोका?"

"मला काय ठावं? दात नसतील म्हंजे झालं."

खोक्यात टूथब्रश होते. "पोरांना वाटा, मॅडम," तो म्हणाला. तेविशीतला, इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. खुर्चीवर बसत त्याने बॅगेतून एक निळी वही काढून माझ्यापुढे ठेवली. कॉलेजचं लॉगबुक. वर नाव होतं: ऋतिक म्हसकर.

म्हसकर हे आडनाव मी जानेवारीपासून दहिवलीच्या रस्त्यावरच्या पाटीवर वाचत आले होते. जाता येता, प्रत्येक वेळी.

माझे वडील रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आईला घेऊन दहिवलीला माझ्या भावाकडे, नवनाथकडे राहायला आले. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे. नऊ जानेवारीला दाढ दुखते म्हणून ते एकटेच म्हसकरांच्या दवाखान्यात गेले. घरी येऊन नवनाथला म्हणाले, "छोटे डॉक्टर होते. म्हणाले, आठ दिवस गोळी बंद करा, मग काढू." सहाव्या दिवशी चहाचा कप उचलताना त्यांचा हात खाली पडला. मग वाचा गेली. चार दिवसांनी ते गेले. पनवेलच्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "गोळी कुणी बंद केली?"

नवनाथ दवाखान्यात जाऊन आला. थोरले म्हसकर शांतपणे म्हणाले, "माझा मुलगा इंटर्नशिपवर आहे. त्या दिवशी खेड्यात कॅम्पला होता. तुमच्या वडिलांना मी तपासलं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या, असंच सांगितलं." लेखी काही नव्हतं. ऐकणारा माणूस उरला नव्हता. पोलीस चौकीत नवनाथला नुसता चहा मिळाला.

आता ती वही माझ्यासमोर उघडी होती. नऊ जानेवारी, शालेय दंततपासणी शिबिर, गावाचं नाव आमचं, शाळा आमची. मुख्याध्यापकांच्या, म्हणजे माझ्या सहीची जागा कोरी.

"एवढी एकच सही राहिलीय," ऋतिक म्हणाला. "बारा महिने पूर्ण झाल्याचा दाखला नाही तर डेंटल कौन्सिलमध्ये नोंदणी नाही. नोंदणी नाही तर दवाखान्यात बसता येत नाही. पप्पांनी तर अक्षय्य तृतीयेच्या पत्रिकासुद्धा छापल्यात."

"तुम्ही आला होतात त्या दिवशी?"

तो हसला. "तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या कॉलेजच्या दोघी मुली आल्या होत्या ना, त्यांनी सांभाळून घेतलं. सगळेच करतात, मॅडम."

दोघीच आल्या होत्या, हे मला पक्कं आठवत होतं. मी टेबलाचा खण उघडला आणि एक कोरा कागद काढला.

"अर्ज लागेल."

"कसला अर्ज?"

"आमचा शिक्षक आला नाही तर तो गैरहजेरीचं कारण लिहून देतो. त्यावर आवक नंबर पडतो. मगच मी हजेरीच्या रकान्यात सही करते. कागदाशिवाय मी सही करत नाही."

यात एक शब्दही खोटा नव्हता. मी कशाखाली सही करणार, ते त्याने विचारलं नाही.

"आजारी होतो, लिहू?"

"मग आजारपणाचा दाखला जोडावा लागेल. खरं कारण लिहा. सोपं पडतं."

"खरं म्हणजे, आजारी पप्पा होते. डेंग्यू. आठवडाभर ॲडमिट. मी एकट्याने दवाखाना चालवला, मॅडम. रोज वीस-पंचवीस पेशंट. कॉलेजात वर्षभर जे शिकलो नाही ते त्या आठवड्यात शिकलो."

"तेच लिहा. नुसतं दवाखान्यात होतो म्हणू नका, कारण अपुरं वाटतं. रुग्ण तपासत होतो, असं लिहा."

त्याने लिहिलं. अक्षर चांगलं होतं. 'दि. ९ जानेवारी रोजी माझे वडील रुग्णालयात दाखल असल्याने मी दहिवली येथील आमच्या दवाखान्यात एकटाच रुग्ण तपासत होतो. त्यामुळे शिबिरास उपस्थित राहू शकलो नाही.' खाली सही, मोबाइल नंबर.

मी आवक नोंदवहीत नंबर घातला, अर्जावर शिक्का मारला, अर्ज कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग त्याचं लॉगबुक ओढून घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'प्रशिक्षणार्थी शिबिरास अनुपस्थित. कारणासाठी पाहा: त्यांचा स्वहस्ताक्षरातील अर्ज, आवक क्र. ४१२.' सही केली. शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत थांबले.

त्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"मॅडम, हे काय केलंत? माझी इंटर्नशिप रद्द होईल."

"नोंदणी नसताना रुग्ण तपासलेत. तेवढ्यावर भागणार नाही."

"पण मी तुमचं काय बिघडवलं?"

"दत्ता ठोंबरे," मी म्हटलं. "उजवीकडची खालची दाढ. हृदयात धातूची झडप."

त्याला आठवायला वेळ लागला नाही, म्हणजे तो विसरलेला नव्हता. इतके दिवस मी या चेहऱ्याची वाट पाहिली होती. तो घाबरलेला मला पाहायचा होता, आणि आता दिसत होता. मला बरं वाटलं. ते मी नाकारणार नाही.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी त्या काकांना घरी विचारा म्हटलं होतं. त्यांनी माझ्यासमोर मुलीला फोन लावला. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर. ती म्हणाली, डॉक्टर सांगतायत तर करा ना बाबा बंद, माझ्याकडे आत्ता कॅम्प चालू आहे."

मी टेबलावरची कपाटाची किल्ली उचलली.

नऊ जानेवारीला बाबांचा तो फोन आला तेव्हा पावणेबारा झाले होते. मी पहिलीची रांग लावत होते. माझ्यापासून दोन हातांवर त्या दोघी मुली बसल्या होत्या, उद्याच्या दंतवैद्य, हातात आरसे घेऊन. त्यांना फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता, गोळी बंद करायची का. मी फोन ठेवला आणि पुढच्या मुलाला आ करायला सांगितलं. हे मी नवनाथला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नाही.

ऋतिक माझ्याकडे बघत राहिला. तो मूर्ख नव्हता.

"कॅम्प," तो म्हणाला. "इथलाच. त्या तुम्ही होतात." मग घाईघाईने, "मॅडम, मी फोनचं कुणाकडे बोलणार नाही. आईशप्पथ. तुम्ही तो अर्ज मला परत द्या, मी नवीन लॉगबुक आणतो. दोघांचंही भलं."

मी विचार केला नाही, असं म्हणणार नाही. कपाटाची किल्ली माझ्या मुठीत होती.

"वही घ्या तुमची," मी म्हटलं. "आणि खोकाही न्या."

"पण त्या बोलण्याचं मी सगळ्यांना सांगेन. तुमच्या भावालापण."

"सांगा."

तो गेल्यावर मी कौन्सिलला तक्रार लिहायला बसले. बाबांचे रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, अर्जाची प्रत. तिसऱ्या परिच्छेदात फोन लिहिला. वेळ, बाबांचं वाक्य, माझं वाक्य, जसंच्या तसं. त्याच्याकडे माझ्याविरुद्ध तेवढीच गोष्ट होती. ती मी त्याच्या हातात राहू देणार नव्हते.

मग नवनाथला फोन लावून पूर्ण पत्र वाचून दाखवलं. तिसरा परिच्छेद त्याने मला पुन्हा वाचायला लावला.

"ताई, ते काढ," तो म्हणाला. "आई वाचेल."

"काढलं तर तो तेच धरून सुटेल."

"सुटू दे. तुझं काय होईल?"

"जे व्हायचं ते होईल. पण तो सुटणार नाही."

"तीन महिने माझ्यासमोर बसून जेवलीस गं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी परत लावला नाही. पत्राच्या तीन प्रती काढल्या, परिच्छेद होता तसा ठेवून. एक कौन्सिलला, एक कॉलेजला. तिसऱ्या पाकिटावर थोरल्या म्हसकरांचं नाव घातलं. नेरळच्या पोस्टात खिडकीमागच्या बाईंनी पत्ते वाचले आणि विचारलं, "तिन्हींना पोचपावती हवी?"

"तिन्हींना," मी म्हटलं.