ट्राउगोटच्या डिस्कचा परवलीचा शब्द

मित्रांनो, सुरुवात करण्याआधी जरा मागे वळून बघा. कोणी कान देऊन उभं नाही ना? मग सांगते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी नव्हे, वायरने बाहेरून जोडायची. अंगाने पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी मोठी आणि स्वभावाने संशयी.

हा स्वभाव मला माझ्या मालकाकडून, म्हणजे ट्राउगोटकडून मिळाला. जर्मनीच्या श्वाबेन भागातल्या एका खेड्यात तो एकटा राहतो. त्याच्या नावाचा अर्थ 'देवावर विश्वास ठेव' असा होतो. देवावर तो ठेवतोही. पण पोस्टमन, हवामानाचा अंदाज आणि दुसऱ्याचा कॉम्प्युटर यांच्यावर मुळीच ठेवत नाही.

माझ्या बहिणी लोकांचे फोटो सांभाळत पडून असतात. ट्राउगोटने मात्र माझ्यावर कॉम्प्युटर चालवणारी अख्खी सिस्टीमच बसवली. एखादा कॉम्प्युटर सुरू होऊ लागला की तो पटकन एक बटण दाबून त्याला अडवायचा आणि माझ्यावरून सुरू व्हायला लावायचा. मग ते परकं यंत्र माझ्या तालावर चालायचं. काम झालं की ट्राउगोट मला काढून खिशात टाकायचा आणि त्या यंत्राला काही आठवत नसे. मला याचा फार अभिमान होता. शिवाय माझ्या दारावर कुलूप होतं. परवलीचा शब्द टाइप केल्याशिवाय मी कोणाला आत घेत नसे.

ट्राउगोट पूर्वी जवळच्या अमेरिकी लष्कराच्या छावणीत रेडिओ दुरुस्त करायचा. छावणीने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्याने कीबोर्डासकट घरी आणला होता. त्यावर तो गावातल्या वाजंत्र्यांसाठी सुरावटी लिहायचा. तिथल्या रिवाजाप्रमाणे नाताळच्या आदल्या संध्याकाळी हे लोक चर्चच्या मनोऱ्यावर चढून तुताऱ्या वाजवतात. त्या वर्षी त्यांच्यातल्या दोघा म्हाताऱ्यांचे पुढचे दात गेले होते, म्हणून ट्राउगोटने सगळ्या सुरावटी खालच्या पट्टीत नव्याने लिहिल्या. त्या फक्त माझ्यात होत्या. दुसरी प्रत केली नाही, कारण प्रत म्हणजे चोराला आणखी एक दार, असं त्याचं मत.

मग तो आजारी पडून इस्पितळात गेला. जाताना त्याने मला मोज्यात गुंडाळलं, बिस्किटांच्या डब्यात घातलं, वर सुतळीची गाठ मारली आणि धाकट्या बहिणीकडे, रोसविथाकडे ठेवायला दिलं. पुढचं मला ठाऊक नाही. वीज नसली की मला काहीच कळत नाही, आणि म्हणूनच मी संशयी आहे. झोपेत कोणी काय केलं हे कोण छातीठोकपणे सांगू शकेल?

मला जाग आली ती रोसविथाच्या स्वयंपाकघरात, तिच्या कॉम्प्युटरला जोडलेली असताना. ट्राउगोट बरा होऊन आला होता, पण घरचा कॉम्प्युटर बंद पडला होता. मनोऱ्यावर चढायला एकच दिवस उरला होता. त्याने नेहमीप्रमाणे यंत्राला अडवलं, मला पुढे केलं आणि शब्द टाइप केला. तो चुकीचा होता. मी दार उघडलं नाही. त्याने पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच.

"कोणीतरी शब्द बदललाय," तो म्हणाला. "आणि डब्याची गाठही माझी नाही."

"गाठ मी मारली," रोसविथा म्हणाली. "नाताळची बिस्किटं ठेवायला डबा हवा होता मला. तुझी ती वस्तू तेवढे दिवस ड्रॉवरमध्ये होती, मोज्यासकट. इतकंच."

"इतकंच कसं? बंद डबा उघडलासच ना?"

"माझाच डबा, ट्राउगोट. बिस्किटं भरून मीच दिला होता तुला."

मलाही तिचा संशय आला. ड्रॉवरमध्ये माझ्याशी कोण काय बोललं असेल, देव जाणे. रोसविथाचा नवरा एबरहार्ड शेगडीपाशी कॉफी पीत होता. तो म्हणाला, "अरे, शब्द काय होता ते तरी सांग."

"म्हणजे तुम्हाला कळावा?"

"आता तो चालतच नाही. कळून आम्ही त्याचं लोणचं घालू का?"

ट्राउगोट टेबलाकडे बघत पुटपुटला, "त्स्वेचगले."

म्हणजे छोटंसं आलुबुखार. लहानपणी रोसविथा झाडावर बसून आलुबुखारं खायची आणि तोंड जांभळं करून उतरायची, तेव्हा दादाने तिला हे नाव ठेवलं होतं. मोठेपणी त्याने तिला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

रोसविथाने हातातला टॉवेल खाली ठेवला. "माझ्या नावाचं कुलूप लावलंस," ती म्हणाली, "आणि चोरही मलाच ठरवलंस?"

मला फार वाईट वाटलं.

तिने त्याला बाजूला सारलं. शब्द चुकला की मी पडद्यावर एक उघडी ओळ दाखवते, तिथे टाइप केलेली अक्षरं दिसतात. तिने तिथेच आपलं ते लहानपणचं नाव एकेक अक्षर करत टाइप केलं. त्यांच्या लिपीत ते झेडने सुरू होतं. पडद्यावर आला वाय.

"माझ्या कीबोर्डावर झेड दाबला तर वाय कसा येतो?"

एबरहार्ड हसायला लागला. जर्मन कीबोर्डावर या दोन अक्षरांच्या जागा अमेरिकी कीबोर्डाच्या उलट असतात. सिस्टीम पूर्ण सुरू होईपर्यंत मला फक्त अमेरिकी मांडणी कळते. छावणीतले आणि घरचा, सगळे कीबोर्ड अमेरिकीच होते, म्हणूनच तिथे कधी अडलं नव्हतं. "मेव्हणा इथला, कुलूप अमेरिकेचं," तो म्हणाला. रोसविथाने यंत्र पुन्हा सुरू केलं, झेडऐवजी वाय दाबला, आणि मी दार उघडलं. चूक कोणाचीच नव्हती. संशय मात्र आम्हा दोघांचा होता, ट्राउगोटचा आणि माझा.

सुरावटी वेळेवर छापल्या गेल्या. मनोऱ्यावरचं वाजवणं मी काही ऐकलं नाही, मी ट्राउगोटच्या घरी ड्रॉवरमध्ये होते.

नाताळ झाल्यावर ट्राउगोट मला घेऊन पुन्हा बहिणीच्या स्वयंपाकघरात आला. "शब्द आता तिघांना माहीत झालाय, बदलायला हवा," तो रोसविथाला म्हणाला. त्याने नवा शब्द घालायची जागा उघडून दिली, खुर्चीवरून उठला आणि कोट चढवला. "तू घाल. मी बाहेर थांबतो."

"आणि तुला कसा कळणार?"

"मला नको. लागेल तेव्हा तुझ्याकडे येईन."

दार लोटून तो बर्फात जाऊन उभा राहिला. रोसविथाने डोळे पुसले आणि शब्द टाइप केला. तो मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल तर तिची वायर हिसकून काढू नका, तिला पाडू नका, आणि आतल्या गोष्टींची एक प्रत दुसरीकडे नक्की ठेवा. मी म्हातारी झाले आहे, माझ्या आतून कधीकधी टकटक आवाज येतो. पण किल्ली मात्र माणसाकडे ठेवा. ट्राउगोट हल्ली दर आठवड्याला मला खिशात घालून बहिणीकडे येतो. ती दार उघडून देते, दोघं कॉफी पितात, गप्पा मारतात, आणि मला दाट संशय आहे की बरेचदा त्याला माझ्याकडे काहीच काम नसतं.