नव्वदावा दिवस

माझे डॅडी, ओझेल क्रंबली, चाळीस वर्षं गवंडीकाम करतात. मेकन शहराच्या आसपास त्यांनी रचलेली प्रत्येक भिंत त्यांना आठवते; कागद मात्र त्यांच्या हातात टिकत नाही. सात जूनला दुपारी मी त्यांच्या पिकअपमध्ये विम्याचा कागद शोधत होते. शाळांना सुट्टी लागली होती, म्हणून मी चालवते ती स्कूलबस उभीच होती. सीटखाली वेगळाच कागद सापडला.

दातांच्या दवाखान्याच्या कामाची हक्कसोड, म्हणजे पैशांच्या बदल्यात इमारतीवरचा हक्क सोडल्याचा कागद. खाली डॅडींची सही, तारीख नऊ मार्च.

"ह्याचे पैसे आले?"

"येतील. दवाखान्याच्या बँकेकडून लामारला यायचा हप्ता अडकलाय."

लामार व्हिटसेट म्हणजे त्या कामाचा मुख्य कंत्राटदार, आणि आमच्या चर्चमधला डीकन, मानाचा सेवेकरी. आईच्या दफनाच्या दिवशी डॅडींच्या दंडाला धरून उभा होता तो.

सहीच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पैसे हातात आले नसले, तरी नव्वद दिवसांनी ते आलेच असं धरलं जाईल, आणि थकलेल्या पैशांसाठी इमारतीवर बोजा चढवण्याचा हक्क जाईल. तसं व्हायला नको असेल, तर त्याआधी पैसे न मिळाल्याचं प्रतिज्ञापत्र कोर्टात नोंदवा. मी दिवस बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. आज नव्वदावा.

"वाचलं नव्हतंत तुम्ही?"

"लामारनं पुढं केला, मी सही केली. त्याच्यासमोर काय वाचत बसू?"

लायब्ररीत फॉर्म छापला, बँकेतल्या नोटरीसमोर डॅडींनी शपथ घेतली. मेकनच्या कोर्टात पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. खिडकीतल्या बाईंनी पत्त्यावर बोट ठेवलं.

"हे इथे नाही चालायचं. दवाखाना आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आहे. पेरीच्या कोर्टात जा. पाचला बंद होतं हं."

मी गाडी पेरीकडे वळवली. हायवेवर दुरुस्ती चालू होती, एकच पट्टा खुला. पुढचा ट्रक मुंगीच्या पावलांनी चाललेला. तेवढ्यात डॅडींनी लामारला फोन लावला.

"आत्ता कशाला?" मी ओरडलेच.

"त्याच्या पाठीमागून नाही करायचं मला."

फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून लामार म्हणाला, "ओझेल, तू हे नोंदवलंस की बँक पुढचा हप्ता रोखणार. मी बुडेन रे. एक आठवडा दे मला."

"आज शेवटचा दिवस आहे, ठाऊक होतं तुला?"

पलीकडून हळूच आवाज आला, "होतं."

डॅडींनी फोन बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला. "तू रस्त्याकडे बघ," एवढंच म्हणाले.

चार एक्कावन्नला पेरीच्या कोर्टाच्या पायऱ्या चढलो. पुढे एकच माणूस, जमिनीचं खरेदीखत नोंदवायला आलेला, आणि तो खिडकीतल्या मुलाशी मासेमारीच्या गप्पा मारत होता. घसा खाकरून डॅडी म्हणाले, "भाऊ, मासे उद्याही असतील." तो हसला आणि बाजूला झाला. चार सत्तावन्नला शिक्का पडला.

बाहेर येऊन डॅडी बाकावर बसले. "दोन कुटुंबांचं येणंजाणं होतं ग," ते म्हणाले.

प्रतिज्ञापत्राची प्रत हाती पडल्यावर दवाखान्याच्या मालकानं बँकेला सांगून लामारचा हप्ता रोखला आणि सप्टेंबरात डॅडींच्या हिश्शाचा चेक थेट त्यांच्या नावानं काढला. हिवाळ्यात लामारची कंपनी बंद पडली. त्याचं चर्चला येणंही थांबलं.

वसंतात एका शनिवारी डॅडी त्याच्या घरी गेले. मी नको म्हणत होते. दोन तासांनी परतले.

"काय म्हणाला?"

"ओसरीत एकटाच बसला होता. माझ्यासाठी आतून दुसरी खुर्ची आणली त्यानं."